मोर-लांडोरीला इंजेक्शन देताना नेमकं काय चुकतं

प्रश्न थोडक्यात असा. निफाड तालुक्यातल्या एका द्राक्षबागेच्या बांधावर लांडोर पडलेली सापडली. पाय लुळे, चोचीतून लाळ, मान डुलतेय. वनरक्षकाने ती दवाखान्यात आणली. गाई-म्हशींची सवय असलेल्या डॉक्टरांनी जनावरांचंच १० टक्के एन्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक दीड मिली मांडीत दिलं आणि वीस मिनिटांत लांडोरीने मान टाकली. आता संक्रांतीच्या पतंगांनंतर येवल्याकडून एक मोर आलाय, मांज्याने पंख चिरलेला. लांडोरीच्या वेळी काय चुकलं आणि या मोराला काय, किती, कुठे टोचायचं, हे डॉक्टरांना हवं आहे.

डॉक्टर, आधी घड्याळ बघा. इंजेक्शननंतर पक्षी किती वेळाने गेला, यावरून तो कशाने गेला याचा निम्मा अंदाज येतो. हातात असतानाच किंवा पाच-दहा मिनिटांत गेला, तर संशय धरण्याच्या पद्धतीवर, सुई रक्तवाहिनीत किंवा फुप्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशवीत शिरण्यावर, नाहीतर मूळ आजारावर. दोन ते चार दिवसांनी गेला तर मूत्रपिंड. आठवड्या-दोन आठवड्यांनी तोंड उघडं ठेवून श्वास घेत गेला आणि आधी डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड टोचलेलं असेल, तर फुप्फुसातली बुरशी. तुमची लांडोर वीस मिनिटांत गेली. एन्रोफ्लॉक्सासिनचा डोस जास्त झाला होता हे खरं, पण त्या औषधाने इतक्या लवकर सहसा मरण येत नाही. तेव्हा दोष फक्त बाटलीवर ढकलू नका.

डोसाचा हिशेब मात्र करून ठेवा, पुढे लागेल. सुदृढ लांडोर पावणेतीन ते चार किलोची असते, मोर चार ते सहा किलोचा. आजारी पक्षी पिसांमुळे भरलेला दिसतो, पण छातीच्या उभ्या हाडावरून बोट फिरवलं की सुरीच्या धारेसारखं लागतं. अशी लांडोर सव्वादोन किलोचीही भरते. एन्रोफ्लॉक्सासिन पक्ष्यांना साधारण १० ते १५ मिलिग्रॅम प्रतिकिलो देतात. १० टक्के म्हणजे एका मिलीत १०० मिलिग्रॅम. तीन किलोच्या लांडोरीला ३० ते ४५ मिलिग्रॅम, म्हणजे ०.३ ते ०.४५ मिली. तुम्ही दिलं १५० मिलिग्रॅम. ती अशक्त, सव्वादोन किलोची असेल तर प्रतिकिलो ६५ मिलिग्रॅमच्या वर गेलं. गाईच्या हाताला दीड मिली म्हणजे काहीच नाही वाटत, चूक तिथेच होते.

म्हणून वजन केल्याशिवाय सिरिंज भरायची नाही. खोक्यासकट पक्षी काट्यावर ठेवा, नंतर रिकाम्या खोक्याचं वजन वजा करा. खळ्यावरचा कांद्याचा इलेक्ट्रॉनिक काटा ५० ग्रॅमचा फरक दाखवत असेल तर उत्तम. अर्ध्या किलोच्या टप्प्याने चालणारा काटा इथे कामाचा नाही.

सिरिंज १ मिलीची, शंभर भागांची. ती नसली की दवाखान्यात इन्सुलिनची सिरिंज काढतात आणि तिथे एक सापळा आहे. आपल्याकडे लाल टोपणाची यू-४० सर्रास मिळते, तिच्यात ४० रेघा म्हणजे १ मिली. नारिंगी टोपणाच्या यू-१०० मध्ये १०० रेघा म्हणजे १ मिली. 'आठ रेघा भर' असं सांगितलं, तर एकीत ०.२ मिली येतं आणि दुसरीत ०.०८. आयव्हरमेक्टिन या परजीवींवरच्या औषधाचंच घ्या. १ टक्क्याच्या इंजेक्शनमधून ०.२ मिलिग्रॅम प्रतिकिलो म्हणजे किलोला ०.०२ मिली. चार किलोच्या मोराला फक्त ०.०८ मिली. चुकीच्या सिरिंजने हा डोस अडीचपट होतो, आणि गाईच्या सवयीने एक मिली गेलं तर बारापट. मदतनिसाला रेघा सांगू नका, मिली सांगा आणि सिरिंज स्वतः बघा.

आता लांडोरीच्या खऱ्या आजाराकडे येऊ. पाय लुळे, लाळ, डुलणारी मान, आणि सापडली द्राक्षबागेत, जानेवारीत. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर या दिवसांपर्यंत बागेत फवारण्या सुरू असतात. अशा वेळी पहिला संशय ऑर्गॅनोफॉस्फेट किंवा कार्बामेट कीटकनाशकाचा घ्यायचा, जिवाणूंचा नाही. प्रतिजैविकाचा तिथे काही उपयोग नव्हता. लागलंच असतं तर त्या विषावरचा उतारा, ॲट्रोपिन, आणि तेही ताबडतोब. पक्ष्यांना ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम प्रतिकिलो, त्यातला पाव हिस्सा शिरेतून आणि बाकीचा स्नायूत. माणसांच्या ॲम्प्यूलमध्ये मिलीला ०.६ मिलिग्रॅम असतं, म्हणजे तीन किलोच्या लांडोरीला खालच्या डोसाने बरोबर एक मिली. इथे एक गोष्ट गाईवरून आलेल्या डॉक्टरांना हमखास चकवते. ॲट्रोपिन पुरेसं झालं का हे आपण बाहुली मोठी झाली की नाही यावरून ठरवतो. पक्ष्यांच्या बुबुळाचा स्नायू हाडांना जोडलेल्या स्नायूंसारखा पट्टेदार असतो, त्यामुळे ॲट्रोपिनने त्यांची बाहुली मोठी होत नाही. बाहुलीकडे बघत डोस वाढवत गेलात तर पक्षी ॲट्रोपिननेच जाईल. लाळ आटली का, श्वासातली घरघर थांबली का, हृदयाचे ठोके वाढले का, हे बघायचं.

मानेला पीळ पडलेला पक्षी आला तर मानमोडीचा, म्हणजे रानीखेतचा संशय घ्या. तो विषाणू आहे, त्यावर कुठलंच इंजेक्शन चालत नाही. रक्ती हगवण कॉक्सिडिया या आतड्यातल्या परजीवीची असेल तर औषध पोटातून जातं. जंतांचंही तसंच. सांगायचा मुद्दा हा की आजारी मोरांच्या बऱ्याच दुखण्यांत सुईची गरजच नसते, आणि तरी पहिला हात सुईकडे जातो. सोबत आलेल्या माणसांनाही 'डॉक्टरांनी काहीतरी टोचलं' एवढं दिसलं की समाधान होतं. त्या समाधानासाठी बी-कॉम्प्लेक्स टोचू नका.

मांडीत का नाही? पक्ष्यांत पायांकडून येणारं रक्त मूत्रपिंडाच्या वाटेने जातं, याला रीनल पोर्टल म्हणतात. मध्ये एक झडप असते, ती उघडी असेल तर रक्त मूत्रपिंडाला वळसा घालून पुढे जातं, बंद असेल तर मूत्रपिंडातून. त्यामुळे मांडीत दिलेलं औषध कधी शरीरभर पोहोचण्याआधीच बाहेर पडतं आणि डोस कमी पडतो, तर कधी जेंटामायसिनसारखं मूत्रपिंडाला घातक औषध पूर्ण तीव्रतेने तिथेच आदळतं. प्रत्येक वेळी असं होतंच असं नाही, पण नेमकं कधी होईल हे बाहेरून कळत नाही. शिवाय मांडीत पायाची मोठी नस, म्हणजे मज्जातंतू, आहे. गाईची दीड इंची सुई तिला लागली तर पक्षी लंगडा झालाच म्हणा, आणि लंगडा मोर झाडावर चढत नाही.

स्नायूतलं इंजेक्शन छातीत द्यायचं. उभ्या हाडाच्या डाव्या किंवा उजव्या बाजूला बोटभर अंतरावर, हाडाच्या लांबीच्या मधल्या तिसऱ्या भागात. पिसं बाजूला सारली की तिथे बिनपिसांची, जवळजवळ पारदर्शक कातडी दिसते. पाण्याने ओलसर केलेल्या बोळ्याने पुसा. स्पिरिटने छाती न्हाऊ घालू नका, निफाडच्या जानेवारीत आजारी पक्षी त्यानेच गारठतो. सुई २४ ते २६ गेजची, अर्धा ते पाऊण इंच. कातडीशी ४५ अंशांनी, डोक्याच्या दिशेने तिरकी. आत गेल्यावर दट्ट्या किंचित मागे ओढा. रक्त आलं तर सुई शिरेत आहे, हवा आली तर त्याहून वाईट. दोन्ही वेळेला बाहेर काढा, सुई बदला, दुसरी बाजू घ्या. खांद्याकडच्या वरच्या भागात छातीच्या मोठ्या रक्तवाहिन्या येतात, तिथे टोचू नका. खाली हाड संपतं त्याच्या पलीकडे सुई सरळ यकृतात किंवा हवेच्या पिशवीत जाते. पक्ष्याला आपल्यासारखं पोट आणि छाती वेगळं करणारा पडदा नसतो. पोटात, हवेच्या पिशवीत ओतलेलं औषध म्हणजे फुप्फुसातच ओतल्यासारखं. जनावराच्या पिल्लाला देतो तसं पोटातलं सलाईन मोराला कधीच नाही.

एका जागी एक मिलीहून जास्त नको, अशक्त पक्ष्याला अर्ध्या मिलीच्या आत. छातीचं मांस झिजलेलं असेल तर सुईला जागाच उरत नाही, हाडाला लागते. अशा पक्ष्याला कातडीखाली द्या: मांडी आणि पोट यांच्या मधल्या सैल घडीत, किंवा दोन खांद्यांच्या मध्ये. मानेच्या बुडाशी नको, तिथे कातडीखालीच हवेच्या पिशव्या येतात.

औषध मुळातच जाळणारं असेल तर जागा बरोबर असूनही भागत नाही. एन्रोफ्लॉक्सासिनचं इंजेक्शन अतिशय अल्कधर्मी असतं, छातीत गेलं की आजूबाजूचं मांस मरतं. दोन-तीन दिवस एकाच बाजूला दिलं तर तिथे पांढरट, घट्ट गाठ होते. दीर्घकाळ चालणाऱ्या ऑक्सिटेट्रासायक्लिनचंही तेच, आणि त्याला जाड सुई लागते यावरूनच ते मोरासाठी नाही हे ओळखावं. कोंबडीच्या बाबतीत हे चालवून घेतात, मांस वाया जातं एवढंच. मोराला याच स्नायूंवर रोज संध्याकाळी झाडावर उडायचंय. तो जमिनीवर झोपला तर रात्री कुत्री किंवा बिबट्या, आणि आपल्याकडच्या उसात बिबट्याची वाण नाही. म्हणून एन्रोफ्लॉक्सासिनचा पहिला डोस टोचायचाच असेल तर दुप्पट-तिप्पट सलाईनने पातळ करा, गढूळ झालं तर फेकून द्या, आणि पुढचे डोस तोंडाने द्या.

काही बाटल्या मोराच्या टेबलावर येऊच नयेत. डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाने गिधाडं कशी मेली ते आपल्याला ठाऊक आहे, २००६ पासून जनावरांसाठी त्यावर बंदी आहे, पण माणसांच्या औषधांच्या दुकानात ते अजून मिळतं आणि 'ताप-सूज आहे' म्हणून कुणीतरी आणून देतं. कोंबडीवर्गालाही ते मूत्रपिंडातून मारतं. पक्षी उघडला की यकृतावर आणि हृदयाच्या आवरणावर खडूची भुकटी शिंपडल्यासारखं दिसतं, ते युरिक ॲसिड. त्याच जातीचं फ्लुनिक्झिनही टाळा. पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिनची पांढरी मिश्र बाटली गोठ्यात रोजची असते, पण त्यातलं प्रोकेन आणि स्ट्रेप्टोमायसिन दोन्ही पक्ष्यांना झेपत नाहीत. डेक्सामेथासोन 'शॉकसाठी' म्हणून देतात, आणि पक्ष्यांची प्रतिकारशक्ती त्याने इतकी खाली येते की कोंदट खोलीतली बुरशी फुप्फुसात घर करते. अ-ड-ई जीवनसत्त्वांचं तेलकट इंजेक्शन एका टोचणीत महिन्याभराचा डोस देऊन जातं. वेदनेसाठी मेलॉक्सिकॅम ठीक, पण बाटलीवरची बारीक अक्षरं वाचा. जनावरांच्या दुकानात मेलॉक्सिकॅम आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली बाटलीही मिळते, आणि दोन्हीचं लेबल दुरून सारखंच दिसतं.

आणि धरणं. माझ्या मते तुमच्या लांडोरीच्या बाबतीत विषबाधेच्या जोडीला हेच कारण असावं. पक्ष्याचा श्वास छातीचं हाड पुढे-मागे हलून चालतो. छाती आवळून धरली की नाक-तोंड उघडं असूनही तो गुदमरतो. विषबाधेने आधीच श्वासनलिकेत चिकटा भरलेला, त्यात दोन माणसांनी घट्ट दाबून धरलं, एकाने मांडी ताणली, सुई भरायला तिसरा गेला, एवढं पुरतं. शिवाय लांब पायांचे पक्षी धडपडले की त्यांचे स्नायू आतून फुटायला लागतात, आणि असा पक्षी धरल्यावर तासाभरातही जातो आणि तीन दिवसांनीही जातो.

धरायची रीत अशी. औषध, सुई, बोळा, सगळं आधी तयार. मागून पक्ष्यावर सुती कापड टाका, डोकं झाका, नाकपुड्या मोकळ्या. दोन्ही पंख अंगाशी लावून एका हाताने कुशीत, छातीखाली हात नाही. दुसऱ्या हाताने दोन्ही पाय घोट्यांच्या वर, मध्ये एक बोट घालून, नाहीतर हाडं एकमेकांवर घासतात. मोराच्या पायाला आरी असते, ती मनगट फाडते, हे धरणाऱ्याला आधी सांगा. पिसारा हातात धरायचा नाही, घाबरला की मुठीत पिसं राहतात आणि पक्षी निसटतो. खोलीत मोबाईलवाले, बघे, कुणी नको. उचलल्यापासून परत खोक्यात जाईपर्यंत दोन मिनिटं, जास्तीत जास्त तीन. तोंड उघडून धापा टाकत असेल तर इंजेक्शन तसंच राहू द्या, अंधाऱ्या खोक्यात अर्धा तास ठेवा. जानेवारीत खोक्याच्या एका बाजूला गरम पाण्याची बाटली कापडात गुंडाळून ठेवा, मे महिन्यात मात्र ऊब नको, सावली आणि वारा हवा.

पाणी कमी झालेल्या पक्ष्याला औषधाआधी द्रव. रिंगर्स लॅक्टेट हे सलाईन हाताला कोमट लागेल इतपत गरम करून मांडीजवळच्या घडीत कातडीखाली, किलोला १० ते २० मिली एका जागी. थंड सलाईन देऊ नका, ते शोषलंही जात नाही. मान धरू न शकणाऱ्या पक्ष्याच्या तोंडात पाणी सोडायचं नाही, श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच उघडं असतं.

आता येवल्याचा मोर. तो धरून चार किलोचा. मांजा नायलॉनचा असेल तर जखम बारीक दिसते आणि आत खोल असते. पंखाच्या पुढच्या कडेची कातडीची पट्टी, खांद्यापासून मनगटापर्यंत ताणलेली, तिच्यात एक दोरीसारखा स्नायुबंध असतो. तो तुटलाय का हे आधी बघा, कारण तो तुटला असेल तर टाके नुसते कातडीला घालून उपयोग नाही. आधी द्रव, मग मेलॉक्सिकॅम ०.५ मिलिग्रॅम प्रतिकिलो: चार किलोला २ मिलिग्रॅम, मिलीला ५ मिलिग्रॅमच्या बाटलीतून ०.४ मिली, छातीत, जखमेच्या विरुद्ध बाजूला. धनुर्वाताचं इंजेक्शन कुणीतरी सुचवेलच. पक्षी धनुर्वाताला फार टणक असतात, ते नको.

टाक्यांआधी जागा बधिर करायला लिग्नोकेन वापरताना सर्वात जास्त जपा. २ टक्के म्हणजे मिलीला २० मिलिग्रॅम. पक्ष्यांना किलोमागे ४ मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये, म्हणजे या मोराला सगळं मिळून १६ मिलिग्रॅम, ०.८ मिली. गाईच्या जखमेभोवती आपण सहज १० मिली पसरतो. इथे ०.८ मिली घेऊन सलाईनने दोन मिली करा, जखमेच्या कडेने थेंबाथेंबाने, प्रत्येक वेळी दट्ट्या मागे ओढून. ॲड्रिनॅलिन मिसळलेली बाटली नको. भूल म्हणून झायलॅझिन एकटं देऊ नका, श्वास आणि ठोके दोन्ही मंदावतात. मोर जास्त धडपडत असेल तर टाके उद्यावर ढकला. जखम सलाईनने धुऊन ओलसर पट्टीने झाका आणि पंख अंगाशी नैसर्गिक घडीत बांधा, पट्टी छातीवर आवळू न देता.

प्रतिजैविक जखम मळलेली किंवा कुत्र्याने पकडलेली असेल तरच. एन्रोफ्लॉक्सासिन १० मिलिग्रॅम प्रतिकिलोने ४० मिलिग्रॅम, ०.४ मिली, पातळ करून फक्त पहिल्या दिवशी, मग तोंडाने. औषध पाण्यात मिसळून ठेवलं तर रानातला मोर ते पिणार नाही.

कागदाचं विसरू नका. मोर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. उपचार तुमचे, ताबा वनविभागाचा. शेतकऱ्यांना वनविभागाचा १९२६ हा क्रमांक देऊन ठेवा, म्हणजे पक्षी घरी डांबून त्याला कोंबड्यांची औषधं पाजली जाणार नाहीत. प्रत्येक टोचणीची नोंद मिलिग्रॅममध्ये करा: औषध, किती, कोणती बाजू, किती वाजता, आणि धरून किती मिनिटं झाली. लांडोरीचं शव पुरलं नसेल तर वनविभागाच्या पंचनाम्यानंतर क्रॉपमधला (गळ्याजवळच्या धान्याच्या पिशवीतला) ऐवज आणि यकृताचा तुकडा वेगवेगळ्या डब्यांत, बर्फात, कीटकनाशकाच्या तपासणीला पाठवा. त्याच शिवारात आणखी पक्षी मरून पडले असतील तर मात्र शव उघडू नका. देशातला पहिला बर्ड फ्लू २००६ साली आपल्याच विभागातल्या नवापुरात सापडला होता. हातमोजे, मास्क घालून ते तसंच दुहेरी पिशवीत बांधा आणि जिल्हा पशुसंवर्धन कार्यालयाला फोन करा.